फळांचा तीन रिळांचा ऑनलाइन स्लॉट: आत नेमकं काय चालतं

नशिबावरच्या पैजेच्या या खेळाची मांडणी अगदी साधी आहे: तीन रिळं (चिन्हांचे फिरते पट्टे), पाच ओळी (ज्यांवर चिन्हं जुळली की पैसे मिळतात), आणि चिन्हं म्हणजे चेरी, लिंबू, कलिंगड, घंटा आणि सात. बटण दाबताच रॅन्डम नंबर जनरेटर हा प्रोग्राम कोणतेही आकडे निवडतो आणि निकाल तिथेच ठरतो. पुढचं फिरणं निव्वळ देखावा, त्यामुळे ‘स्टॉप’ लवकर दाबून काही बदलत नाही. मागच्या डावाचा पुढच्याशी संबंधही नसतो.

सुरुवात ‘पेटेबल’, म्हणजे कोणत्या चिन्हांना किती मिळतं याचा तक्ता, उघडून करा. तिथले आकडे एका ओळीच्या पैजेवर आहेत की एकूण पैजेवर, हे आधी बघा. बहुतेकांची गफलत इथेच होते. पाच ओळींवर प्रत्येकी १ नाणं लावलं आणि दोन चेरींचे २ मिळाले, तर स्क्रीन झगमगते, घंटा वाजते, पण खिशातून ३ गेलेले असतात. ही फसवी झगमग या प्रकारातली सर्वांत वाईट गोष्ट.

९६ टक्के आरटीपीचा (लावलेल्या पैशांपैकी खेळाडूंना परत मिळणारा वाटा) अर्थ १०० डावांत ९६ परत असा नाही. ती लाखो डावांची सरासरी. ५ नाण्यांचे ६०० डाव म्हणजे ३००० नाणी फिरली, सरासरी १२० गेली. ऑटोप्लेवर (डाव आपोआप फिरत राहतात) हे तासाभरातही होतं, म्हणून तो बंदच ठेवावा. एकाच खेळाच्या वेगवेगळ्या आरटीपीच्या आवृत्त्या असू शकतात. माहितीच्या पानावरचा आकडा प्रत्येक साइटवर नव्याने वाचा.

चित्रं स्वच्छ, नियम दोन मिनिटांत कळतात. पैसे न लावता डेमोवर बघायला ठीक.