जुन्या गाडीची चढलेली रेस आणि वसमत रस्त्यावरचे एक गॅरेज

माझी पेट्रोल गाडी 2004 सालची, मल्टिपॉइंट इंजेक्शनची आहे. यंदाच्या उन्हाळ्यात पाय ॲक्सिलरेटरवरून काढल्यावरही आरपीएमचा (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा) काटा कधी 1800 वर अडकून राहू लागला, कधी 1000 आणि 2000 यांच्यामध्ये वरखाली होऊ लागला. मधूनच दोन दिवस गाडी अगदी शहाण्यासारखी चालायची. तापलेल्या इंजिनाचा काटा साधारण 750 ते 900 च्या दरम्यान स्थिर राहायला हवा. एका गॅरेजने थ्रॉटलचा, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणाऱ्या झडपेचा, स्टॉप स्क्रू फिरवून दिला, दुसऱ्याने काहीही न तपासता आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह (पाय काढल्यावरची रेस सांभाळणारी झडप) नवा बसवला. पैसे गेले, दोष राहिला. तो अखेर परभणीतील वसमत रस्त्यावरच्या, दोनच गाड्या मावतील एवढ्या शेडमध्ये सापडला.

येथील मिस्त्रींनी बॉनेट उघडण्याआधी बरेच प्रश्न विचारले: रेस थंड गाडीत चढते की तापल्यावर, एसी लावल्यावर काय होते, रेडिएटरमध्ये पाणी भरावे लागते का. मग म्हणाले, "गाडी रात्रभर इथेच राहू द्या सर, सकाळचा पहिला स्टार्ट मीच मारतो." या मागणीला कारण होते. थंड इंजिन सुरू झाले की ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) स्वतःच रेस वाढवून ठेवते आणि तापमान चढेल तशी ती उतरवते. त्यामुळे सकाळी काटा 1200 ते 1500 वर असणे हा दोष नव्हे, तो तिथून न उतरणे हा दोष. परभणीच्या मे महिन्यात सकाळीही फारसा गारवा नसतो, तेव्हा काटा लवकर खाली यायला हवा होता. तो आला नाही.

प्रथम थ्रॉटलची केबल ताणलेली नाही ना, हे पाहिले गेले. त्यानंतर मिस्त्री इनटेक मॅनिफोल्डला (थ्रॉटलमधून आलेली हवा सिलिंडरांकडे नेणाऱ्या नळ्यांना) जोडलेला एकेक व्हॅक्यूम पाइप पक्कडीने अलगद दाबत गेले. क्रँककेसमधून (इंजिनाच्या खालच्या पोकळीतून) येणारा पाइप दाबताच इंजिनाचा आवाज एकदम खाली बसला. पाइप काढल्यावर त्याच्या खालच्या वळणावर, वरून कधीच दिसली नसती अशी बोटभर चीर आढळली. वीस वर्षांच्या उष्णतेने कडक झालेल्या रबराची ही चीर इंजिनाच्या हालचालीने कधी उघडत असे, कधी मिटत असे, आणि म्हणूनच गाडी अधूनमधून बरी वागत होती. काटा हेलकावे का घेतो, हेही त्यांनी समजावून सांगितले: थ्रॉटल बंद असूनही फेरे जास्त दिसले की ईसीयू इंधन तोडते, फेरे घसरले की पुन्हा देते, आणि चोरून शिरणारी हवा ते पुन्हा चढवते.

नवा पाइप बसल्यावर हेलकावे थांबले. तरीही काटा 1200 च्या खाली येईना. बहुतेक ठिकाणी काम इथेच संपले असते. येथे ईसीयूमधले आकडे वाचणारा स्कॅनर लावण्यात आला. वरच्या रेडिएटर पाइपला हात लावता येत नव्हता, आणि स्कॅनर मात्र कूलंटचे (रेडिएटरच्या पाण्याचे) तापमान 52 अंश दाखवत होता. हे तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा विद्युत रोध थंडीत जास्त आणि उष्णतेत कमी असतो. त्याच्या कनेक्टरमध्ये हिरवट गंज धरला होता, त्याचा रोध वाढीव मोजला जात होता आणि ईसीयूला इंजिन अजून थंडच वाटत होते. मल्टिमीटरने सेन्सर निर्दोष असल्याची खात्री करून केवळ कनेक्टर स्वच्छ करण्यात आला. शेवटी आधीच्या गॅरेजने फिरवलेला स्क्रू मूळ जागी आणला गेला आणि काटा 850 वर स्थिरावला.

बिल 1,350 रुपये झाले. त्यात पाइपचे 250 आणि उरलेले तपासणीचे व मजुरीचे. काहींना ही मजुरी जास्त वाटेल. मला ती रास्त वाटते, कारण अनावश्यक व्हॉल्व्हवर मी याच्या तिप्पट खर्च केला होता. उणिवाही आहेत: बसायला सावली नाही, गाडी दोन दिवस अडकली, आणि बिलावर फक्त रक्कम होती, कोणता दोष निघाला हे मी आग्रह धरल्यावरच लिहून मिळाले. बाहेरगावाहून येणाऱ्यांनी गाडी संध्याकाळी सोडून मुक्कामाची सोय करूनच यावे, कारण सकाळच्या थंड इंजिनाशिवाय येथे या कामाला हात लावत नाहीत.