पहिलं जपानी जहाज: यामातो की युकिकाझे?

जपानी युद्धनौकेच्या प्लास्टिक मॉडेलचं पहिलं किट घ्यायला निघालेला माणूस बहुधा यामातोच मागतो. साहजिक आहे. पण त्याच १/७०० स्केलमध्ये युकिकाझे ही विनाशिकाही मिळते, आणि दोन्हींचं काम अगदी वेगळं आहे.

खरी यामातो २६३ मीटर, म्हणजे मॉडेल साधारण ३७.५ सेंमी. युकिकाझे ११८.५ मीटर, मॉडेल १७ सेंमी. यामातोच्या मुख्य तोफांचा एकेक बुरूज अडीच हजार टनांचा, आणि अख्खी युकिकाझे दोन हजारांची! तरी मोठं ते अवघड असं इथे नाही. यामातोचे भाग जाडजूड, बोटांत मावणारे. सांगाड्याचा सांधा थोडा चुकला तर पुटी भरून घासता येतो.

यामातोत माणूस थकतो तो विमानविरोधी तोफांपाशी. १९४५ च्या रूपात २५ मिमीच्या तीन नळ्यांचे पन्नासेक माउंट आहेत. प्रत्येक नळी दोनेक मिलिमीटरची. निपरने (भाग तोडायच्या छोट्या पक्कडीने) कापताना उडाली की फरशीवर सापडत नाही. मागून मास्किंग टेप लावूनच कापा, आणि रंग स्प्रूवर, म्हणजे भाग ज्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यावर, असतानाच द्या. एवढा धीर नसेल तर १९४१ चं रूप निवडा: १५.५ सेंमीचे चार तिहेरी बुरूज आणि बाकी तोफा मोजक्या. खोक्यावरचं साल बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

दुसरी कटकट लाकडी डेकची. आधी डेकचा रंग, मग मास्किंग, मग कुरे ग्रे, म्हणजे जहाजाचा राखाडी. डेकवरच्या बारीक उंचवट्यांभोवती टेप नीट दाबली नाही की राखाडी आत शिरतो. तो घासून काढू नका; डेकच्याच रंगाने बारीक ब्रशने झाका.

युकिकाझेचे भाग कमी. सुटीच्या दोन दिवसांत जोडून होते. मात्र चूक लपवायला जागा नाही. डोलकाठीचे पाय केसासारखे. पातळ सिमेंटचा (प्लास्टिक जोडायच्या द्रावाचा) थेंब जास्त झाला की प्लास्टिक विरघळून वाकतात. आधी कोरडं बसवून समोरून आणि बाजूने सरळ दिसते का पाहा, मगच सिमेंट टेकवा. डेकवर लाकूड नाही, लिनोलियम आहे: तांबूस तपकिरी, आडव्या पितळी पट्ट्यांनी धरलेलं. त्या पट्ट्या उठावाच्या असतात, म्हणून जाड थर देऊ नका. टॉर्पेडोच्या चार नळ्यांचे दोन संच रंगवून शेवटी बसवा.

पावसाळ्यात मुंबई-कोकणात लॅकर रंग फवारला तर रंगावर पांढुरकी छटा येते. रंग हळू वाळवणारा रिटार्डर घाला किंवा कोरडा दिवस बघा.

वॉटरलाइन किटमध्ये पाण्याखालचा भाग नसतो, त्यामुळे यामातोचं फुगीर नाक दिसणार नाही. ते हवं असेल तर फुल हल, म्हणजे तळासकटचं किट घ्या.

आमचा कौल: पहिली युकिकाझे, मग यामातो. दोघी पुढे एकाच समुद्रात मांडता येतात, कारण यामातो ७ एप्रिल १९४५ ला बुडाली तेव्हा युकिकाझे सोबतच्या आठ विनाशिकांपैकी होती, आणि परतलेल्या चारांतलीही. फक्त युकिकाझेचं किट उशिराच्या काळाचं हवं. तोवर तिच्या मागच्या दोन दुहेरी तोफांपैकी एक काढून तिथे २५ मिमी तोफा बसवल्या होत्या. १९४० चं किट घेतलंत तर ती तोफ तुम्हाला कापून काढावी लागेल.