थिसिसचा गाइड निवडताना: टेलिमेडिसिनची लांब यादी की इमर्जन्सीची छोटी?

मुंबई-पुण्यात एमडीला प्रवेश मिळालाय आणि पुढे कोकणात परत येऊन काम करायचं ठरलंय, अशा मुलामुलींसाठी हे लिहितोय. सिनॉप्सिसची, म्हणजे थिसिसचा आराखडा द्यायची, तारीख बघता बघता येते. समोर दोन गाइड असतात. एकाच्या नावावर टेलिमेडिसिनचे, म्हणजे फोन-व्हिडिओवरून दुरून केलेल्या उपचारांचे, भरपूर पेपर, दुसऱ्याच्या नावावर इमर्जन्सीचे मोजके. यादी लांब म्हणून पहिल्याकडे जाऊ नका. दोन्हीकडचे पेपर उघडून एकच गोष्ट शोधा: शेवटी मोजलंय काय?

टेलिमेडिसिनची यादी लवकर वाढते, कारण माहिती आयतीच जमा होत असते. मार्च २०२० मध्ये केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं आली, ई-संजीवनी ही सरकारी टेलिमेडिसिन सेवा गावागावांतल्या आरोग्य केंद्रांत पोचली, आणि किती कॉल झाले, किती वेळ लागला, रुग्ण समाधानी होते का, यावर पेपर लिहिणं सोपं झालं. हे काम फुकट गेलं असं मी म्हणणार नाही. दापोलीच्या आजीचा बीपीच्या गोळ्यांसाठी होणारा एसटीचा हेलपाटा वाचला, तर तेही मोजायलाच हवं. पण रुग्णाचं पुढे काय झालं, हे त्यातल्या बऱ्याच पेपरांत सापडत नाही.

चांगला नमुना हवा असेल तर २००८ चा अमेरिकेतला स्ट्रोक डॉक अभ्यास वाचा. पक्षाघाताचे २२२ रुग्ण घेऊन व्हिडिओवरून दिलेला सल्ला आणि नुसत्या फोनवरचा सल्ला यांची तुलना केली होती. उपचाराचा निर्णय व्हिडिओच्या गटात ९८ टक्के वेळा बरोबर ठरला, फोनच्या गटात ८२ टक्के. तीन महिन्यांनंतरच्या प्रकृतीत मात्र दोन्ही गटांत फरक दिसला नाही, आणि तेही त्यांनी स्पष्ट लिहिलं. गाइडच्या यादीत असा एक जरी पेपर असला तरी मी त्याला मान देईन.

इमर्जन्सीकडे वळलं की कोकणातल्या माणसाला महाडचं नाव घ्यावंच लागतं. डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाचे रुग्ण रात्र रात्र उशाशी बसून पाहिले. नाडी, रक्तदाब, घाम, फुप्फुसात भरणारं पाणी, सगळं टिपून ठेवलं. १९८२ मध्ये ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पुढे प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी विंचवावर वापरून त्यांनी माणसं वाचवली. २०११ मध्ये ‘बीएमजे’ या दुसऱ्या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांचा अभ्यास आला. अँटिव्हेनम (विषावरचा उतारा) आणि प्राझोसिन दोन्ही दिलेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले, नुसत्या प्राझोसिनवर ३५ पैकी ८. एकूण रुग्ण फक्त ७०. पण हा पेपर वाचून उद्या ड्युटीवर काय करायचं ते कळतं, आणि माझ्या लेखी पेपराची खरी किंमत हीच.

आता देवगड-राजापूरच्या कातळावरचं फुरसं, हा विषारी साप, घ्या. दंश झालेला माणूस प्राथमिक आरोग्य केंद्रात आला की दोन मिली रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या टेस्टट्यूबमध्ये घ्यायचं, वीस मिनिटं अजिबात न हलवता ठेवायचं आणि मग एकदाच तिरकी करून बघायची. रक्त पातळच राहिलं तर विष भिनलंय. नळी साबणाने धुतलेली किंवा प्लॅस्टिकची असली तर निकालावर विसंबता येत नाही. स्क्रीनवरचा तज्ज्ञ कितीही मोठा असो, ती नळी तिथल्या सिस्टरनेच धरायची असते. इमर्जन्सीत दुरून प्रथमोपचार, जीव वाचवण्याचे उपाय आणि पुढे कुठे पाठवायचं याचा सल्ला एवढंच द्यावं, रुग्णाला प्रत्यक्ष दाखवायला सांगावं, असं २०२० ची तत्त्वंही म्हणतात.

सोयीचं म्हणाल तर टेलिमेडिसिन केव्हाही बरं. थिसिस वेळेत होतो, एथिक्स कमिटीत फार अडत नाही. इमर्जन्सीत रुग्ण रात्री येतात, नातेवाईक घाबरलेले असतात, संमती घेताना जीव खालीवर होतो, आणि ठरवलेला आकडा पुरा होईल याची खात्री नसते. घरी आजारपण असेल, ड्युट्या आधीच जड असतील तर टेलिमेडिसिन घ्या. त्यात कमीपणा काहीच नाही.

एरवी माझा कौल इमर्जन्सीच्या गाइडला. त्याआधी एवढं पाहा: त्याच्या विद्यार्थ्यांची नावं पेपरांवर पहिली येतात का, डिस्चार्जनंतर रुग्णांचा पाठपुरावा केलाय का, आणि जे उपचार लागू पडले नाहीत तेही छापलेत का. टेलिमेडिसिनचा गाइडच मनात भरला असेल तर पहिल्याच भेटीत विचारा, ‘सर, कॉलनंतर रुग्णाचं काय झालं हेच थिसिसमध्ये मुख्य म्हणून मोजलं तर चालेल का?’ हो म्हणाले तर बिनधास्त त्यांच्याकडे जा.