मुलांचा पहिला रोबो: मिशीवाला, उजेडाचा की वटवाघळाचा?

प्राण्यांची ज्ञानेंद्रिये शिकवायला मुलांकडून रोबो करून घ्यायचा, तर तीन सोपे पर्याय आहेत: स्पर्शावर, उजेडावर किंवा प्रतिध्वनीवर चालणारा. निवडताना मी एकच गोष्ट पाहते. सेन्सरपासून चाकापर्यंत काय घडतं, ते मुलाला बोट ठेवून दाखवता येतं का?

मिशीवाल्यात ते सहज येतं. दोन मोटारी, दोन सेल आणि लांब पातीचे दोन मायक्रोस्विच (हलक्या दाबाने चालणारी बटणं); ही पातीच मिशी. डावी मिशी भिंतीला टेकली की उजवी मोटार उलटी फिरते, गाडी उजवीकडे वळते. प्रोग्रॅम लागत नाही. उंदराच्या मिशीतही मज्जातंतू केसात नसतात, मुळाशी असतात. इथे स्विचही मुळाशीच. फक्त उंदीर मिशा सेकंदाला अनेकदा पुढे-मागे हलवून चाचपतो आणि आपल्या गाडीच्या मिशा स्थिर असतात, एवढं सांगावं. सात-आठ वर्षांच्या मुलांना हा उत्तम, पण प्रयोग लवकर संपतात.

उजेडाच्या रोबोला दोन एलडीआर, म्हणजे उजेडानुसार रोध बदलणारे सेन्सर, लागतात. उजेड वाढला की एलडीआरचा रोध कमी होतो आणि ट्रान्झिस्टरमार्फत मोटारीला जास्त प्रवाह मिळतो. आता डावा सेन्सर डाव्या मोटारीला आणि उजवा उजव्या मोटारीला जोडा: गाडी टॉर्चपासून पळते, झुरळासारखी. तारांची अदलाबदल करा, की तीच गाडी टॉर्चवर चालून येते. सुटे भाग तेच, स्वभाव मात्र उलटा! व्हॅलेंटिनो ब्रायटेनबर्ग या मेंदूशास्त्रज्ञाने हीच कल्पना मांडली होती, आणि त्याच्याही आधी, १९४०च्या दशकाच्या अखेरीस, ग्रे वॉल्टर या मेंदूसंशोधकाने इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये उजेड शोधणारी यांत्रिक कासवं बनवली होती. ‘गाडीला उजेड आवडतो’ असं एखादं मूल म्हणतंच. तिथे थांबून विचारायचं: आवड कुठे आहे, दाखव बरं? खऱ्या पतंगाची गोष्ट तर आणखी वेगळी. २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार उडणारे कीटक पाठ उजेडाकडे ठेवतात, म्हणून दिव्याभोवती अडकून फिरत राहतात. आपला रोबो पतंगासारखा दिसतो, पण कारण वेगळं आहे, हे कळणं मला फार मोलाचं वाटतं. उन्हाच्या खोलीत मात्र हा रोबो गोंधळतो. पडदे लावावे लागतात.

वटवाघळाच्या रोबोचं आकर्षण मोठं आहे. एचसी-एसआर०४ हा सेन्सर ४० किलोहर्ट्झचा आवाज सोडतो, म्हणजे माणसाच्या २० किलोहर्ट्झच्या मर्यादेच्या दुप्पट. एक मीटरवरच्या भिंतीवरून तो साधारण ६ मिलिसेकंदांत परत येतो. पण ही वेळ मोजायला मायक्रोकंट्रोलर आणि प्रोग्रॅम हवा, आणि लहान मुलासाठी सगळी गंमत त्या चिपमध्ये लपून जाते. याचं खरं शिक्षण चुकांत आहे. समोर जाड उशी ठेवा, आवाज शोषला जातो; पुठ्ठा तिरका धरा, आवाज भलतीकडे जातो. काही पतंगांच्या अंगावरची दाट लव वटवाघळाचा आवाज अशीच शोषते. दहा-अकरा वर्षांच्या, थोडं प्रोग्रॅमिंग केलेल्या मुलांना हे जोडता येतं.

एकच करायला वेळ असेल, तर उजेडाचा रोबो निवडा. फक्त सांगाडा जरा मोठा ठेवा, पुढे वटवाघळाचा अल्ट्रासोनिक (प्रतिध्वनीचा) सेन्सर त्याच्यावरच बसवता येईल.