मिलिंगचे क्लॅम्प: ५८ पीसचं किट घ्यावं का घरी बनवावेत?

घरी छोटं मिलिंग मशीन आलं की आठवड्याभरात कळतं, कटिंगपेक्षा जॉब (कापायचा तुकडा) धरणं जास्त डोकं खातं. वाईसमध्ये बसेल तेवढं बसतं, बाकी सगळं क्लॅम्पने, म्हणजे वरून दाबणाऱ्या पट्ट्यांनी, टेबलावरच बांधावं लागतं. मग तयार किट घ्यायचं का पुण्याजवळच्या भोसरी एमआयडीसीतून लोखंडी पट्टीचे कटपीस आणून स्वतः बनवायचे? मी दोन्ही केलंय, आणि माझं मत असं की नट-स्टड विकत घ्या, क्लॅम्प स्वतः बनवा.

५८ पीसच्या किटमध्ये साधारण २४ स्टड (बिनडोक्याचे आटेदार दांडे), टेबलाच्या खाचेत सरकणारे ६ टी-नट, ६ फ्लँज नट, स्टड जोडायचे ४ कपलिंग नट, ६ क्लॅम्प आणि शेपटीखाली टेकू द्यायचे १२ पायऱ्यांचे स्टेप ब्लॉक येतात. स्टेप ब्लॉकचे दाते क्लॅम्पच्या शेपटीवरच्या दात्यांत अडकतात म्हणून उंची पटकन जुळते, आणि हे दाते घरी पाडायला बसलात तर अख्खा रविवार जातो, त्यात वेगवेगळ्या लांबीचे स्टड करत बसणं म्हणजे अजून एक रविवार. तेवढ्यासाठी किटचे पैसे वसूल आहेत. फक्त घेण्याआधी टेबलाचा स्लॉट (टी-नटची खाच) व्हर्नियरने मोजा. १२ मिमी स्लॉटला सहसा एम१० चा (१० मिमी जाड) स्टड, १० ला एम८. माझे १२ चे नट घट्ट जात होते, कानशीने दोन्ही बाजू थोड्या घासल्या तेव्हा हाताने सरकायला लागले. घासायचं ते नटाला, टेबलाला कानस लावायची नाही.

पण किटमधले क्लॅम्प छोट्या टेबलाला लांब पडतात. शंभर-सव्वाशे मिमी रुंदीच्या टेबलावर दोन लावले की जॉबला जागाच उरत नाही आणि उंच स्टडला कोलेट नट (मशीनवर कटर धरणारा नट) आपटायची भीती वेगळीच.

घरी बनवायला २५ × १२ मिमीची ब्राइट (गुळगुळीत, चकचकीत) पट्टी घ्या. काळी पट्टी स्वस्त मिळते पण वरची पापडी काढण्यात वेळ जातो. ९० मिमीचा तुकडा, पुढे १५ सोडून ४० लांब आणि ११ रुंद गाळा (स्टड जायची आरपार खाच), आणि शेपटीकडे ८.५ चं ड्रिल मारून एम१० चा टॅप, म्हणजे भोकात आटे. त्या आट्यात खालून बोल्ट घातला की तोच टेकू, स्टेप ब्लॉक लागतच नाही. बोल्टच्या डोक्याखाली पितळेचा छोटा तुकडा ठेवा म्हणजे टेबलाला खड्डा पडणार नाही. गाळ्यासाठी आधी ओळीने ड्रिल मारून मगच एंडमिल (मिलिंगचं कटर) फिरवा, छोट्या मशीनला तेवढा आराम द्यायलाच हवा.

मला हा बोल्टवाला प्रकार किटपेक्षा आवडायचं खरं कारण दुसरंच आहे. क्लॅम्पची शेपटी जॉबपेक्षा केसभर वर हवी, खाली गेली की नाक फक्त जॉबच्या कडेवर टेकतं. स्टेप ब्लॉक एक दाता खाली लागला आणि माझी ॲल्युमिनियमची प्लेट कट चालू असताना फिरली, ८ मिमीचं एंडमिल तुटलं. बोल्टला पाव फेरा दिला तर शेपटी जेमतेम ०.३७ मिमी वर येते, म्हणजे हवं तिथे अचूक थांबता येतं. स्टड जॉबच्या जवळ ठेवा हेही तितकंच महत्त्वाचं, तो जॉब आणि टेकूच्या बरोबर मधोमध असेल तर नटाचा अर्धाच जोर जॉबवर येतो, उरलेला टेकू खातो.

मटेरियल एमएस (साधं मऊ पोलाद) का ईएन८ (जास्त कार्बनचं, मजबूत पोलाद)? ईएन८ कमी वाकतं, पण ड्रिल-टॅप करताना दम काढतं. दोन-तीन जास्त वापराचे ईएन८ चे करा, बाकी एमएस पुरे. पाणी द्यायच्या, म्हणजे तापवून कडक करायच्या भानगडीत पडू नका, कडक नाक ॲल्युमिनियमवर वळ उठवतं. गाळे पाडायचा कंटाळा असेल तर १२ च्या प्लेटमधून लेझर कटिंगवाल्याकडून आकार कापून घेता येतो, टॅप मात्र स्वतः मारा.

जॉबचा पूर्ण वरचा चेहरा फेस (कापून सपाट) करायचा असेल तर यातलं काहीच चालत नाही, तिथे बाजूने दाबणारे टो क्लॅम्पच लागतात.

आणि टी-नट किटचा असो वा घरचा, त्याचे खालचे शेवटचे आटे पंचने ठोकून बंद केलेले आहेत का ते बघा. आरपार आटे असतील तर स्टड खाली उतरून स्लॉटच्या तळाला टेकतो, तुम्ही वरून नट आवळत राहता आणि बिडाच्या टेबलाच्या स्लॉटचा ओठ (वरची कड) उचकटून तुटतो.