वेल्डिंगच्या दुकानात बनवलेलं मॅक्लाउड: खान्देशच्या मुरमात नऊ महिने

मॅक्लाउड म्हणजे एकच चौकोनी पातं, त्याला एका बाजूने दाताळ्याचे दात आणि दुसऱ्या बाजूने सरळ धार. १९०५ साली अमेरिकेच्या वनखात्यातल्या माल्कम मॅक्लाउड या रेंजरने ते जाळरेषा (वणवा अडवायला साफ केलेला पट्टा) काढायला बनवलं. दातांनी पाचोळा ओढायचा, धारेने गवताची मुळं खरवडायची. पुढे माउंटन बाइकच्या ट्रेल, म्हणजे डोंगरातल्या सायकलवाटा, बांधणाऱ्यांनी ते उचललं आणि आज परदेशातल्या ट्रेल बांधणीच्या बहुतेक व्हिडिओंत ते दिसतंच. आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात हे नाव सांगितलं तर साधं दाताळं काढून देतात.

म्हणून धुळ्यात वेल्डिंगच्या दुकानातून पाच नग करून घेतले. तीन ५ मिमी जाडीच्या एमएस (माइल्ड स्टील, साधं मऊ पोलाद) प्लेटचे, दोन ट्रॅक्टरच्या डिस्क हॅरोच्या झिजलेल्या तव्यांचे. सप्टेंबर ते मे, दर रविवारी दहा-बारा माणसं, खासगी माळावरच्या मुरमाड टेकडीवर सव्वा किलोमीटर ट्रेल, मालकाची लेखी परवानगी घेऊन. निकाल आधीच सांगून टाकतो: खोदण्यासाठी हवं असेल तर करून घेऊ नका. मुरमात खोदायचं काम टिकाव आणि पहारीचंच. मॅक्लाउडचा पैसा वसूल होतो तो नंतर, म्हणजे उतार द्यायला, दाबायला, काटे ओढायला आणि पावसानंतरच्या डागडुजीला.

आधी बनावटीबद्दल, कारण नऊ महिन्यांत जे काही बिघडलं ते तिथूनच.

एमएस प्लेटचं पातं २५ सेंमी रुंद, २३ सेंमी लांब. सहा दात, प्रत्येक ७ सेंमी खोल. पात्याचं वजन दोन किलोच्या आसपास आणि दांड्यासकट पूर्ण अवजार सव्वातीन किलो भरतं. बाजारातलं मूळ मॅक्लाउड यापेक्षा हलकं असतं. तासाभरात हा फरक खांद्याला कळतो, पण दाबताना तेच वजन कामी येतं, त्यामुळे तक्रार नाही. तक्रार दातांची आहे. एमएस मऊ. पक्क्या मुरमात दात अडकला आणि ओढताना मनगट वळलं की दात वाकतो. पहिल्या दीड महिन्यात तिन्ही नगांचे कडेचे दात वाकले, मधले शाबूत राहिले. वाकलेला दात हातोडीने सरळ करता येतो, पण दोन-तीनदाच. मग मुळाशी चीर दिसते. नोव्हेंबरात एका नगाचे कडेचे दोन दात कापूनच टाकले. उरलेल्या चार दातांवर काम अडलं नाही, उलट दातांत दगड अडकणं कमी झालं. सहा दात जंगलातल्या पाल्यापाचोळ्यासाठी ठीक आहेत. आपल्याकडचा मुरूम बोराएवढा ते लिंबाएवढा, आणि दातांमधली फट अडीच सेंमी असेल तर नेमका तोच खडा तिथे रुतून बसतो. फट चार सेंमी हवी.

धारेचा प्रश्न वेगळा. एमएसची धार आठवड्यात बोथट होते, पण कानसीने दहा मिनिटांत परत येते. लोहाराकडून पाणी देऊन घ्यायचा विचार असेल तर सोडून द्या, एमएसमध्ये कार्बन इतका कमी की पाणी देऊन फरक पडत नाही. यावर उपाय एका नगावर करून पाहिला: ट्रकच्या कमानपाट्याचा तुकडा लोहाराकडून चपटा करून, धार काढून, चार रिव्हेटांनी धारेच्या बाजूला बसवला. वेल्ड मुद्दाम टाळला, कारण पाट्याचं पोलाद वेल्डशेजारी ठिसूळ होतं. हा नग फेब्रुवारीपासून चालू आहे आणि धार अजून एकदाच लावली.

तव्यांचे दोन नग. तव्याचं पोलाद कडक, धार टिकते. अमेरिकेतसुद्धा ट्रेलची खोरी जुन्या तव्यांपासून करतात, त्यामुळे कल्पना चांगलीच होती. पण तवा बशीसारखा खोलगट असतो. माती ओढायला तो बाक उत्तम, दाबायला निरुपयोगी, कारण पातं टेकतं ते फक्त कडांवर. शिवाय एका नगाची दांडा बसवायची नळी तिसऱ्याच रविवारी निखळली. तडा वेल्डमध्ये नव्हता, वेल्डच्या शेजारी पोलादातच गेला होता. जास्त कार्बनचं पोलाद थंड असताना नेहमीच्या रॉडने वेल्ड केलं आणि उघड्यावर गार होऊ दिलं की हेच होतं. दुसऱ्यांदा जोडताना तवा आधी गॅसच्या ज्योतीने चांगला तापवून, ७०१८ चा (कमी हायड्रोजनचा) कोरडा रॉड वापरून, नंतर राखेत पुरून रात्रभर सावकाश गार केला. तो जोड आजपर्यंत हललेला नाही. तव्याला दात कापायच्या भानगडीत पडू नका, त्याचं नुसतं खोरं करा.

नळी काळ्या पाइपची घ्या, जीआयची (जस्ताचा मुलामा दिलेली) नको. जीआयवरचं जस्त जळून निघणारा धूर विषारी, आणि वेल्डही सच्छिद्र येतो. नळीच्या दोन्ही अंगांना तिकोनी आधारपट्ट्या हव्यात, नाहीतर दाबताना बसणाऱ्या प्रत्येक ठोक्याला सगळा भार एका वेल्डवर येतो.

दांडा पाच फुटी. बांबू दोन महिने टिकला, मग बोल्टच्या भोकापाशी उभा चिरला. धावड्याचा दांडा मिळाला तर दुसरं काही बघू नका. बाभळीचाही चालतो. मार्चनंतर लाकूड सुकून आकसतं आणि पातं खुळखुळतं. अशा वेळी रात्रभर पाण्यात ठेवायची सवय सगळ्यांनाच असते, पण फुगलेलं लाकूड नळीत दाबलं जातं आणि सुकल्यावर आधीपेक्षा ढिलं होतं. पाचर मारा, वरून महिन्याकाठी जवसाचं तेल चोळा.

आता प्रत्यक्ष काम. आखणीला मॅक्लाउड लागत नाही, ए-फ्रेम (इंग्रजी A च्या आकाराची, ओळंबा लावलेली चौकट) लागते, आणि पाणलोटाच्या कामामुळे ती खान्देशातल्या बऱ्याच गावांत माहीत आहे. तिथे ती समपातळीसाठी वापरतात, ट्रेलला थोडा चढ हवा. पायांतलं अंतर २ मीटर असेल तर चढ चढताना मागच्या पायाखाली १४ सेंमीचा ठोकळा बांधा आणि ओळंबा मधल्या खुणेवर येईल तशी खुंटी मारत जा. ७ टक्क्यांचा चढ मिळतो. आंतरराष्ट्रीय माउंटन बायसिकल असोसिएशनचे जे नियम जगभर वापरतात त्यांतले दोन इथे पुरतात: ट्रेलचा चढ टेकडीच्या आडव्या उताराच्या निम्म्याहून कमी, आणि सरासरी १० टक्क्यांच्या आत. मुरमात आम्ही ८ च्या वर गेलो नाही, कारण चढ वाढला की मागचं चाक गोट्यांवर फिरल्यासारखं घसरतं आणि ब्रेकने चर पडतात. टेकडीवर सलग समतल चर असतील तर ते बुजवून रस्ता काढू नका. तो पाण्याचा बंदोबस्त आहे, ट्रेलने त्याच्या टोकाला वळसा घालायचा.

खोदाई टिकावाने: ८० सेंमी रुंदीची पायरी, पूर्ण रुंदी मूळ जमिनीत कापलेली. अर्धी कापून अर्धी भर घातलेली पायरी दिसायला लवकर होते, पण भरीचा भाग पहिल्याच पावसात खाली जातो. कापलेला मुरूम उताराखाली लांब फेकायचा, कडेला रचून ठेवायचा नाही.

इथून मॅक्लाउड हातात घ्यायचं. पायरीला बाहेरच्या बाजूला ५ टक्के उतार हवा, म्हणजे ८० सेंमीला ४ सेंमी. तो डोळ्यांनी कळत नाही. डोंगरउतारावर उभं राहिलं की सगळंच सपाट वाटतं. मॅक्लाउड पात्यावर उभं करा. दांडा पात्याला काटकोनात असेल तर दीड मीटरचं वरचं टोक बाहेरच्या बाजूला साडेसात सेंमी झुकलेलं दिसतं. दांडा अगदी सरळ उभा राहिला तर अजून माती ओढायची आहे. आमच्या मते हा या अवजाराचा सगळ्यात मोठा फायदा, आणि पाचपैकी दोनच नगांत तो मिळाला! बाकीच्यांत एक तर पातं बशीसारखं, नाहीतर तळाशी वेल्डचा उंचवटा राहिलेला, त्यामुळे उभं केलं की डुगडुगतं. ग्राइंडरने तळ सपाट करून घेतल्याशिवाय दुकानातून बाहेर पडू नका.

दाबण्याचं गणित ओलाव्याचं आहे. मूठभर मुरूम-माती आवळून उघडली की गोळा राहिला पाहिजे आणि बोटाने ढकलल्यावर दोन-तीन तुकड्यांत फुटला पाहिजे. हाताला चिकटला तर जास्त ओलं, भुसभुशीत पडला तर कोरडं. परतीच्या पावसानंतर दोन-तीन दिवसांनी हा ओलावा फुकट मिळतो. डिसेंबरपासून पाणी वाहावं लागतं: ८० सेंमी रुंद, ५ सेंमी जाडीचा थर एक मीटर लांब दाबायला कोरड्या मातीत साधारण पाच-सहा लिटर. म्हणजे शंभर मीटरला साडेपाचशे लिटर, वीस लिटरचे सत्तावीस-अठ्ठावीस जार, टेकडीवर. जानेवारीत असे चाळीस मीटर केले आणि तिथेच थांबलो. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिशी गाठतो, तेव्हा शिंपलेलं पाणी दाबायच्या आधीच उडतं. खान्देशात ट्रेल बांधायचे दिवस सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर, उरलेलं वर्ष छाटणीचं आणि आखणीचं.

निव्वळ मुरूम दाबला जात नाही, त्याला धरून ठेवणारी माती लागते. तीन घमेली मुरमाला एक घमेलं बारीक माती हे प्रमाण इथे चाललं. मुरूम आणि माती निम्मी-निम्मी केली तिथे पावसात चिखल. वळणावरच्या बर्मला (बाहेरच्या कडेच्या तिरक्या मातीच्या बांधाला) मॅक्लाउडचं वजन पुरत नाही, जड धुम्मस हवं, आणि दहा-बारा सेंमीचा एकेक थर टाकून दाबायचं. एकदम ढीग घालून वरून ठोकलं तर वरचं साल पक्कं आणि आत पोकळ. पुढचं चाक जोरात आलं की बर्म कडेने उकलतो.

टेकडीच्या पायथ्याशी साठ मीटर काळी माती आहे. तिथे कुठलंच अवजार चालत नाही, आणि ओली असेल तर सायकलही नाही, फोर्क आणि मागच्या दांड्यांत भरून चाक थांबतं. सुकली की बोट जाईल एवढ्या भेगा. वर मुरूम टाकला, एका पावसात गिळला. शेवटी पंधरा सेंमी उकरून चपटे दगड उभे, एकाला एक भिडवून बसवले. शक्य असेल तर अशा पट्ट्यातून रेषा नेऊच नका.

काट्यांसाठी मात्र हे दात आपल्याच मुलखासाठी केल्यासारखे वाटतात. बाभूळ, वेडी बाभूळ, हिवर, बोर. वारा सुटला की फांद्या ट्रेलवर येतात. दातांनी त्या हाताला न लागता ओढून गुंडाळता येतात. सुटे बारीक काटे आणि सराटे उरतातच, त्यामुळे ट्यूबलेसला पर्याय नाही: २९ इंची टायरला १०० ते १२० मिलि सीलंट (भोक आपोआप बुजवणारं द्रव), आणि उन्हाळ्यात दर सहा ते आठ आठवड्यांनी भर, कारण आतलं सुकून रबराची साल होते. वेडी बाभूळ छाटताना खुंट तिरका सोडू नका. तो भाला होतो, टायरची बाजू फाडतो आणि पडलेल्याच्या अंगात घुसतो. शिवाय जमिनीलगत तोडलेली दुप्पट फुटते. वीतभर उकरून खालून तोडायची.

मार्चच्या अवकाळीने ट्रेलची परीक्षा घेतली. जिथे बाहेरच्या कडेला चाकांनी मातीची वरंबी साठली होती तिथे पाणी अडून ट्रेलवरूनच धावलं आणि बोटभर घळ पाडली. जिथे दर दहा-बारा मीटरवर चढाला छोटी उलट कलाटणी, म्हणजे मध्येच थोडासा उतार, दिली होती, तिथे पाणी बाहेर पडलं. वरंबी मोडणं हे मॅक्लाउडचं काम, एक माणूस तासाभरात साठ-सत्तर मीटर कड मोकळी करतो. फावड्याने तेच काम दुप्पट वेळ खातं.

दगड उलटताना दात पलीकडच्या कडेखाली घालून आपल्याकडे ओढायचे, म्हणजे दगड ढालीसारखा मध्ये राहतो. फुरसं आणि विंचू दोन्ही दगडाखालीच असतात.

राखीव वनात हे अवजार घेऊन जाऊच नका. १९२७ च्या भारतीय वन कायद्याचं कलम २६ तिथे परवानगीशिवाय जमीन खोदायला किंवा साफ करायला मनाई करतं, आणि यावल किंवा गौताळा अभयारण्यात तर वन्यजीव कायदाही लागतो. ‘आधीपासून पायवाट होती’ हे उत्तर चालत नाही.

दहा जणांच्या गटाला दोन मॅक्लाउड पुरेत, पाच जास्त झाले. सोबत चार टिकाव, दोन पहारी, तीन फावडी, सहा घमेली, एक धुम्मस, दोन कोयते. पुढचा नग करायला टाकताना वेल्डिंगवाल्याला कागदावर लिहून दिलंय ते असं: ५ मिमी एमएस प्लेट, २५ सेंमी रुंद, दात चार, फट ४ सेंमी, दाताच्या मुळाशी गोलाई, काटकोनी कोपरा नको, धारेला कमानपाटा, रिव्हेटने, काळ्या पाइपची नळी, दोन आधारपट्ट्या, तळ ग्राइंड करून सपाट, आणि पैसे द्यायच्या आधी दुकानाच्या फरशीवर उभं करून दाखवायचं.