लम्पी की लाळ्या-खुरकूत, गोठ्याला जास्त ताप कुणाचा?

दोन्ही गुरांचे, व्हायरसचेच आजार, पण पसरायची तऱ्हा एकदम वेगळी. लम्पी मुख्यतः चावणाऱ्या माश्या, डास, गोचिडांमार्फत जातो, आधी सणकून ताप मग अंगभर गाठी, २०२२च्या साथीत बघितलंच की सगळ्यांनी. खुरकूतला डास लागतच नाही, लाळेतून, एकाच गव्हाणीतून, हवेतूनसुद्धा जातो, तोंडात नि खुरांच्या बेचक्यात फोड येतात, मग जनावर खात नाही, लंगडतं, दूध आटतं आणि लहान वासरांच्या तर थेट हृदयावर जातो (हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं). लम्पीला शेळीच्या देवी रोगाची लस चालते कारण व्हायरस भाऊबंद, पण खुरकूतचे ७ प्रकार, एकाची लस दुसऱ्याला चालत नाही. माझ्या मते जास्त डेंजर खुरकूतच, माश्या-डास निदान धूर-फवारणीने थोडे आवरतात तरी.